गाणी पोचली, अल्बम राहिले : १९८६ ते १९९० चं हार्ड रॉक आणि मेटल पुन्हा ऐकताना

(जळगाव आणि धुळे इथे झालेल्या दोन सत्रांचं एकत्रित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज आपण धुळ्यात आहोत. हेच व्याख्यान आधी जळगावला झालं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी सुरुवातीलाच विचारलं, "लग्नाचा बँड सोडला तर आपल्याकडे एवढ्या मोठ्यानं कोण वाजवतं? हे मेटल-बिटल खान्देशात कशाला?" प्रश्न रास्त आहे. पूर्ण उत्तर शेवटी देऊ. आत्ता एवढंच सांगतो की या संगीताचा एक छोटासा साठा आपल्याच घरांमध्ये, पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडलेला आहे, आणि तो दर उन्हाळ्यात थोडा थोडा खराब होतोय.

आपण बोलणार आहोत १९८६ ते १९९० या पाच वर्षांबद्दल. या काळातली मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात. गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम १९८७ चा, डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया'ही १९८७ चाच, मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' १९८८ चा. आम्हाला बोलायचंय ते यांच्या सावलीत राहिलेल्या अल्बमांबद्दल.

दुर्लक्षित म्हणजे नेमकं काय?

'दुर्लक्षित' म्हटलं की दोनच कारणं डोक्यात येतात. एक तर माल कमअस्सल होता, किंवा जगानं अन्याय केला. आम्हाला दोन्ही कारणं अपुरी वाटतात. बहुतेक वेळा झालं असं, की अल्बम ऐकणाऱ्यापर्यंत अख्खा पोचलाच नाही, त्याचे तुकडे पोचले.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. त्या काळात जळगाव-धुळ्यात इंग्रजी रॉक ऐकायचं म्हणजे मुंबई-पुण्याला शिकणाऱ्या कुणाच्या तरी मोठ्या भावानं आणलेली कॅसेट, किंवा दुकानातून भरून घेतलेली कॅसेट. 'भरून घेणं' हा शब्द इथल्या तिशीच्या आतल्या मंडळींना कदाचित समजावून सांगावा लागेल. कागदावर गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. आता नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. 'जस्टिस'ची लांबी आहे पासष्ट मिनिटांच्या वर. म्हणजे तो एका बाजूला बसतच नाही. मग काय व्हायचं? काही गाणी उडायची, नाहीतर शेवटचं गाणं मध्येच खट्‌कन तुटायचं. दुसऱ्या बाजूला भलत्याच बँडची गाणी.

यात तीन गोष्टी हरवल्या. गाण्यांचा क्रम गेला. कव्हर आणि आतला मजकूर गेला. आणि कुणी वाजवलंय ही नावंही गेली. क्वीन्सराइकचा १९८८ चा 'ऑपरेशन : माइंडक्राइम' ही पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत चालणारी एक गोष्ट आहे. त्यातली तीनच गाणी कॅसेटवर आली तर ती कादंबरीची मधली तीन पानं झाली. गाणी आवडतील, पण गोष्ट कळणार नाही.

१९९१ ची भिंत

दुसरं कारण काळाचं. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, त्याच्यासोबत एमटीव्ही आला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला मेटॅलिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम निघाला आणि २४ सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लोगल्ली केबलची वायर गेली. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं मेटल पाहिलं ते याच वायरीतून.

म्हणजे अमेरिकेत किंवा युरोपात ऐकणाऱ्याला १९८९ नंतर १९९१ आलं. आपल्याकडे आधी १९९१ आलं. मागचं सगळं 'जुनं' होऊनच आपल्या दारात आलं, आणि जुनं म्हणून बाजूलाही पडलं. त्यात मोठे केस, चकचकीत कपडे आणि प्रेमाच्या गाण्यांच्या बँडची खिल्ली उडवायची फॅशन आली, आणि त्या खिल्लीत चांगले अल्बमही वाहून गेले.

तीन अल्बम, तीन कान

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येऊ. सत्रात आम्ही तुकडे वाजवले होते. इथे वाचताना तुम्ही स्वतः ऐकाल असं धरून चालतो.

पहिला, किंग्ज एक्सचा 'ग्रेचन गोज टू नेब्रास्का', १९८९. तिघांचा बँड : डग पिनिक बास आणि गायन, टाय टेबर गिटार, जेरी गॅस्किल ड्रम. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. मेटलमधल्या गिटारचा मूळ आधार म्हणजे पॉवर कॉर्ड, आणि पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि पंचम. गंधार नाही. कारण आवाज मुद्दाम फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन दिलं, की प्रत्येक स्वराचे उपस्वर फुगतात आणि एकमेकांत मिसळतात. त्यात गंधार टाकला तर खिचडी होते. सा-प मात्र स्वच्छ राहतात. आपला पंचमाचा तानपुरा आठवा, तिथेही गंधार वेगळा लावत नाहीत.

टेबर गिटारची सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवून वाजवायचा. याला ड्रॉप-डी म्हणतात. असं केलं की खालच्या तीन तारा सा-प-सा अशा लागतात आणि एकाच बोटात अख्खा पॉवर कॉर्ड मिळतो. नव्वदच्या दशकात ही जुळवणी कितीतरी बँडनी वापरली. किंग्ज एक्सकडे ती आधीपासून होती, आणि वर चर्चमधल्या समूहगानासारखे तिघांचे मिळून आवाज होते. आता गंमत बघा. या अल्बमच्या कव्हरमध्ये गॅस्किलनं लिहिलेली एक छोटी कथा आहे. भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये ती कशी येणार?

दुसरा, व्हॉयव्हॉडचा 'नथिंगफेस', हाही १९८९ चा. कॅनडातल्या क्युबेकमधला बँड. गिटारवादक डेनिस डामूर सरळ सा-प सोडून खटकणारे स्वरसमूह शोधायचा. सा आणि तीव्र मध्यम एकदम वाजवले तर जी अस्वस्थता येते, ती मेटलला ब्लॅक सॅबथपासून, म्हणजे १९७० पासून माहीत आहे. व्हॉयव्हॉडनं ती अस्वस्थता घरासारखी वापरली, तिथेच मुक्काम केला. पहिल्यांदा ऐकताना 'हे सुरात आहे ना?' असं वाटतं. आमचा सल्ला असा, की एकदा फक्त बास आणि ड्रम ऐका, मग पुन्हा सुरुवातीपासून गिटार ऐका. तिसऱ्या खेपेला ते अंगवळणी पडतं.

तिसरा, बॅडलँड्सचा पहिला अल्बम. वर्ष पुन्हा १९८९. गिटारवर जेक ई. ली, जो आधी ऑझी ऑस्बॉर्नकडे होता. गायक रे गिलेन, जो थोडा काळ ब्लॅक सॅबथमध्ये होता. हे ब्लूजवर उभं असलेलं साधं, रांगडं हार्ड रॉक आहे. गिलेन १९९३ मध्ये गेला. त्यानंतर हा अल्बम कितीतरी वर्षं बाजारात नव्हताच. चांगला असूनही ऐकायची सोयच नाही, मग आठवण कोण ठेवणार?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुर्लक्षित म्हणजे आपोआप थोर असं नाही. त्या काळातल्या कितीतरी अल्बमांमध्ये ड्रम गुहेत वाजवल्यासारखे घुमतात, बायकांबद्दलचं लिखाण आज ऐकवत नाही, आणि दहातली चार गाणी भरताड असतात. पुन्हा ऐकायचं ते पारखायला. हार घालायला नव्हे.

मुंबईचं १९८८

आता आपल्या जवळचं. १९८४ च्या सुमारास मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. सुरुवातीला कॉलेजच्या महोत्सवांमध्ये परदेशी बँडची गाणी वाजवायची, ही तेव्हाची रीत. लोकही तेच मागायचे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि या मंडळींना मोठा मंच मिळाला. १९८८ मध्ये रॉक मशीननं 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास मार्क सेल्विन, ड्रम मार्क मेनेझिस, कीबोर्ड झुबिन बालापोरिया. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि बहुतेकांना बँड आठवतो तो या नव्या नावानं. पहिले दोन अल्बम मात्र मागे राहिले.

आम्ही याच्या शेजारी मुद्दाम दुसरं उदाहरण ठेवतो. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोन्टे हे समुद्रापासून आत असलेलं शहर, रिओपासून साधारण साडेचारशे किलोमीटर. जळगाव मुंबईपासून जवळपास तेवढंच. तिथल्या सेपल्चुरा बँडनं १९८९ मध्ये 'बिनीथ द रिमेन्स' काढला. मातृभाषा पोर्तुगीज, गाणी इंग्रजीत, पैसे जेमतेम. पण तो अल्बम रोडरनर या परदेशी कंपनीमार्फत युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत पोचला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. रॉक मशीनला असा रस्ता मिळाला नाही. दोन्ही बँडचं संगीत सारख्याच तोडीचं होतं असा आमचा दावा नाही. 'रेनेगेड'वर इंग्लिश-अमेरिकन हार्ड रॉकची छाप अगदी उघड आहे, आणि सेपल्चुराचा राग जास्त स्वतःचा वाटतो. पण आपल्याकडच्या अल्बमची तुलना करण्याइतकं त्याला कुणी ऐकलंच नाही, हा मुद्दा उरतोच.

पोटमाळ्यावरचा साठा

आता काकांच्या प्रश्नाकडे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक कॅसेट गेली. जळगावातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचं १९८९ चं रेकॉर्डिंग होतं. चार पोरं, भाड्याची गिटार, फाटका स्पीकर. अर्धी गाणी परदेशी बँडची, पण दोन त्यांची स्वतःची. ज्यांची होती त्यांनी विश्वासानं दिली. आम्ही उत्साहात ती थेट एका जुन्या टेपमध्ये घातली आणि प्ले दाबलं. दहा सेकंदात आवाज लडबडला आणि पट्टी रोलरमध्ये गुंडाळून चुरगळली. दुसरी प्रत नव्हती. त्या दादांना फोन करून सांगताना काय वाटलं ते इथे बोलत नाही. ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, तीस वर्षं तरी कुणी ऐकली होती?"

अमेरिकेतला बॅडलँड्स कुणीतरी, कधीतरी पुन्हा छापेल. या कॅसेटा कोण छापणार? म्हणून जे आम्ही केलं ते तुम्ही करू नका.

कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असते, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात कॅसेटचं प्लास्टिक वाकतं, आतली फेल्टची छोटी गादी सुटते, पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे कॅसेटा पोटमाळ्यावरून खाली, थंड आणि कोरड्या कपाटात आणा. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नका, जाणकाराला दाखवा. बाकी कॅसेटा आधी पेन्सिलीनं हलक्या हातानं फिरवून बघा, चाकं मोकळी आहेत ना. टेपचा हेड आणि रबरी रोलर नीट पुसून घ्या. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस चालतो, पण पूर्ण सुकू द्या. आधी एखादी बिनकामाची कॅसेट लावून यंत्र पारखा. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून घ्या आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्या, शक्यतो डब्ल्यूएव्ही स्वरूपात. एमपी३ नंतर कधीही करता येते.

आणि कॅसेटच्या पुठ्ठ्यावर जे काही खरडलंय त्याचा फोटो काढा : गाण्यांची नावं, तारीख, कुणाकडून भरली ते. मघाशी म्हटलं ना, हरवतो तो क्रम आणि नावं. कायद्याचंही भान ठेवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे १९८८ चा अल्बम २०४८ संपेपर्यंत हक्कातच आहे. स्वतःसाठी किंवा अभ्यासासाठी जतन करणं वेगळं आणि सगळ्यांसाठी नेटवर चढवणं वेगळं.

शेवटचं. आपण ज्या धुळ्यात बसलोय तिथे इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या घरातली, वाळवी लागलेली दप्तरं गोळा केली. तेव्हाही कुणीतरी विचारलं असेलच, ही रद्दी कशाला? कॅसेटा म्हणजे काही मराठ्यांच्या इतिहासाची साधनं नव्हेत, मान्य. पण १९८९ मध्ये जळगाव-धुळ्याच्या वीस वर्षांच्या पोरांच्या डोक्यात काय वाजत होतं, ते दुसऱ्या कुठल्या कागदात सापडेल?

तर काका, म्हणून खान्देशात. येत्या रविवारी पेटी उघडा. आणि काही सापडलं तर, कृपा करून, लगेच प्ले दाबू नका.