वाटीतला समुद्र आणि वद्य नवमीची जेलीफिश

सुरुवात नावापासूनच करू. हवाईयन भाषेत 'हाना' म्हणजे उपसागर. त्यामुळे 'हानाउमा बे' म्हणणं हे आपल्या पिवळ्या पीतांबरासारखं! होनोलुलुजवळ, ओआहू बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात ही ज्वालामुखीची जुनी वाटी आहे. समुद्राने तिची एक कड फोडली, पाणी आत आलं, प्रवाळ वाढलं, मासे वस्तीला आले. १९६१च्या 'ब्लू हवाई'मध्ये एल्विस प्रेस्ली इथे झळकला आणि मग माणसंही लोटली. १९८०च्या दशकाअखेर वर्षाला ३० लाखांच्या आसपास!

ही मंडळी माशांना काय खाऊ घालत? पाव आणि फ्रोझन मटार. खरंच, मटार. १९६७ सालीच संरक्षित झालेल्या या पाण्यात ही पंगत नव्वदचं दशक सरेपर्यंत चालली, मग बंदी आली. आता आगाऊ नोंदणी लागते, आधी नऊ मिनिटांची फिल्म बघावी लागते आणि सोमवार-मंगळवार माशांना सुट्टी.

अंगाला फासलेलं सनस्क्रीनही पाण्यातच उतरतं. त्यातली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून १ जानेवारी २०२१पासून हवाईत अशा क्रीमची खुली विक्री बंद आहे. लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, सुटसुटीत.

आता खास आपल्यासाठी. डंख मारणारी बॉक्स जेलीफिश इथल्या किनाऱ्यावर पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी येते. म्हणजे वद्य अष्टमी ते दशमी! कधी कधी तेवढ्यासाठी हानाउमा बंदही ठेवतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत भिंतीवर कालनिर्णय असतंच. हवाईचं तिकीट काढण्याआधी एकदा बघून घ्या. संकष्टीचा उपास सोडून चार-पाच दिवस झाले, की जेलीफिश आलीच म्हणून समजा.

पाणी शुद्ध आहे का, हे ठरवणं मात्र भलतंच गमतीचं. नेहमीची पद्धत अशी, की आतड्यात राहणारे एंटेरोकोकाय जिवाणू मोजायचे. १०० मिलिलिटरमध्ये १३०च्या वर गेले, की इशारा. पण हवाई विद्यापीठाच्या रॉजर फुजिओका यांनी दाखवलं, की उष्ण प्रदेशात हे जिवाणू साध्या मातीतही सुखाने नांदतात. पाऊस आला, माती वाहिली, की गटाराचा थेंबही न मिसळता आकडा चढतो! म्हणून हवाईत दुसरा साक्षीदार बोलावतात: क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. हा मैल्यासोबत येतो, पण बाहेरच्या मातीत सहसा वाढत नाही. तुमच्या-माझ्यासाठी सोपी खूण अशी: मोठ्या पावसानंतर पाणी चहासारखं दिसलं, तर काठावर बसून खरा चहा प्या.

लाटा नाहीत, पाणी कमरेएवढं, मग भीती कसली? भीती स्नॉर्कलची, म्हणजे पाण्यात तोंड घालून मासे बघताना श्वासासाठी तोंडात धरतात त्या नळीची. अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढला, की छातीत ताण पडतो आणि शरीरातलाच द्रव फुप्फुसांत उतरू शकतो. हवाईतल्या अभ्यासकांनी याला 'सायरोप' असं नाव दिलंय. बाहेरचं पाणी नाकातोंडात जायचीही गरज नाही. आधी धाप, मग हातापायांतलं त्राण जातं, मग शुद्ध. ना आरडाओरडा, ना हातपाय मारणं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, बुवा मासे बघण्यात रमलेत. लांबच्या विमानप्रवासाचाही यात हात असावा, अशी या अभ्यासकांना शंका आहे. तेव्हा उतरल्याबरोबर पाण्याकडे धावू नका. नळी रुंद आणि साधी घ्या. जराशी धाप लागली, की नळी थुंका, पाय टेका, उभे राहा, बाहेर या. मालवणला स्नॉर्कलिंग करतानाही हेच लक्षात ठेवा.

आणि प्रवाळातली ती सरळ मोकळी वाट? ती निसर्गाने केलेली नाही. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाहून टेलिफोनची केबल आणायला ती सुरुंगाने फोडली. माणसाने दार केलं, पाण्याने लगेच वापरायला घेतलं: आतला प्रवाह तिथूनच बाहेर धावतो, आणि पोहणाऱ्यालाही सोबत नेतो.

बाहेर आलात? पसरा वाळूवर. त्या वाळूत पोपटमाशांचा मोठा हातभार आहे. प्रवाळ कुरतडतात, पचवतात आणि मागच्या बाजूने शुभ्र वाळू सोडतात.