कात टाकण्याआधीचे दिवस

आज समोर आई-बाबा, आजी-आजोबा बसलेत आणि बोलायचंय आम्ही. एरवी घरी हे उलटं असतं, त्यामुळे जरा भान ठेवूनच बोलतो.

आम्ही कात्रजची, नववी-दहावीतली मुलं. इथलं सर्पोद्यान लहानपणापासून पाहत आलोय. साप कात टाकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याआधीच्या दिवसांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, डोळ्यांवर निळसर-पांढरी झाक येते. सापाला नीट दिसत नाही. तो बहुतेक वेळा खात नाही, आडोशाला बसतो आणि कुणी जवळ गेलं की चटकन फूत्कारतो. आमचं वय त्याच दिवसांसारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या वयात शरीरात जे घडतं, ते घरात 'उद्धटपणा' किंवा 'आळस' या नावाने ओळखलं जातं. दोन उदाहरणं देतो.

आमच्यातल्या एकाचा आवाज आठवीत फुटला. वर्गात वाचायला उभा राहिला की आवाज मध्येच चिरकायचा आणि हशा पिकायचा. त्याने बोलणंच सोडलं, घरीसुद्धा. चार महिने फक्त 'हो' आणि 'नको'. बाबांना वाटलं, पोरगा हाताबाहेर गेला. खरं कारण साधं होतं: या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. बसेपर्यंत काही महिने जातात. शेवटी एकदा स्वारगेटच्या बसमध्ये बाबाच सहज म्हणाले, "माझा आवाज फुटला तेव्हा मला आळीत कोंबडा म्हणायचे." त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

दुसरं उदाहरण झोपेचं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक किशोरवयात रात्री उशिरा पाझरायला लागतं. त्यामुळे दहाला डोळा लागत नाही आणि साडेपाचला उघडत नाही. आम्हाला ८ ते १० तास झोप लागते. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चांगलंच झालं. पण आमची शाळा अजून सातचीच! मोबाइलमुळे जागरण वाढतं, हेही कबूल. तो दोष आमचा.

मेंदूचंही तसंच. भावना उसळवणारा भाग आधी जोर धरतो; कपाळामागचा, 'थांब, विचार कर' म्हणणारा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून दार आपटल्यावर पाच मिनिटांनी आमचं आम्हालाच वाईट वाटतं. हे कारण आहे, सबब नाही. दार आपटलं तर माफी आम्हीच मागायची.

पण हे आम्हाला सांगणार कोण? दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. आमच्याकडे तो 'घरी वाचा' म्हणून सुटला. घरीही कुणी काढला नाही. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली सुरू केलं, त्याला शंभर वर्षं होत आली. तरी पाळी, मुरमं, कुणीतरी आवडणं, हे सगळं आम्ही एकमेकांना अर्धवट सांगतो किंवा मोबाइलवर शोधतो.

सापाची कात ओढून काढली तर खालच्या कोवळ्या कातडीला इजा होते. तसं आम्हालाही ओढू नका. पण साप एकटा कात टाकतो, आम्हाला ते जमत नाही. म्हणून जवळपास राहा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणण्याऐवजी तुमच्या वेळी कसं होतं, ते सांगा. आणि एखादा मुलगा किंवा मुलगी आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांकडे न्या. 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. आमच्या मोबाइलमध्ये आम्ही तो टाकलाय. तुम्हीही टाका.