पेशींची परस्परांवरील पकड व तोंडाचा कर्करोग

आपल्या रुग्णालयात ‘ई-कॅडहेरिन’ या तपासणीची सोय व्हावी, यासाठी देणगी देण्याची इच्छा काही हितचिंतकांनी व्यक्त केली आहे. रुग्णांचे नातेवाईकही ही तपासणी आम्हांस का सांगितली नाही, असे विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आमच्या डॉक्टरमंडळींकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

तोंडाच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते व या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड ज्या रेणूंमुळे टिकते त्यांना पेशी-आसंजन रेणू म्हणतात. त्यांपैकी कॅडहेरिन या गटाचा शोध जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी लावला. या रेणूंना कामासाठी कॅल्शियम लागते. अस्तराच्या पेशींत आढळणारे ते ई-कॅडहेरिन. त्याचे बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूत अडकते, तर आतले टोक पेशीच्या सांगाड्याशी बांधलेले असते.

गाठ जागच्या जागी राहिली तर ती कापून काढता येते. पेशी सुटून मानेतील लसीका ग्रंथींत पोहोचल्या की आजाराचे स्वरूपच पालटते. गाठ जेथे आत घुसत असते, त्या कडेला अनेकदा ई-कॅडहेरिन कमी झालेले दिसते. बहुधा त्याचे जनुक नष्ट झालेले नसते, त्याला केवळ कुलूप लागलेले असते.

तपासणी तशी सोपी आहे. तुकड्याच्या पातळ कापावर या रेणूला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात व तपकिरी रंग आणतात. निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीभोवती रेघ उमटून मासेमारीच्या जाळ्यासारखे चित्र दिसते. कर्करोगात ते जाळे फिकट होते वा तुटते. असे घडलेल्या रुग्णांत मानेत प्रसार अधिक व आयुर्मान कमी, असा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

मग ही तपासणी सर्वांची का करीत नाही? प्रत्येक प्रयोगशाळेचे प्रतिपिंड वेगळे, ‘कमी’ कशास म्हणावे याचे मापही वेगळे. निष्कर्ष सर्वत्र जुळत नाहीत. काही वेळा मानेत पोहोचलेल्या पेशींत तोच रेणू पुन्हा उमटलेला दिसतो! शिवाय या अहवालाने आज उपचाराचा निर्णय बदलत नाही. ज्या नोंदीने निर्णय बदलत नाही, तिचा खर्च रुग्णाच्या बिलात घालणे माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसास पटत नाही. गाठ किती खोल गेली व ग्रंथीचे आवरण फुटले काय, या दोन गोष्टींना रोगाची अवस्था ठरविण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २०१७ च्या आठव्या आवृत्तीने स्थान दिले. त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही कळतात.

संशोधन मात्र व्यर्थ नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, प्राथमिक अवस्थेतील व मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांतील ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते; गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. परंतु आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांतच त्यांत रोग सापडला. उरलेल्यांना खांदा दुखणे, हात वर न जाणे हा त्रास कदाचित टाळता आला असता. ते कोण, हे आधी खात्रीने सांगू शकेल अशा खुणेची गरज आहे. ई-कॅडहेरिन अद्याप तेथवर पोहोचलेले नाही.

म्हणून देणगीदारांस विनंती की, सदर निधी तूर्त गरजू रुग्णांच्या मानेच्या शस्त्रक्रियेसाठी द्यावा. कुटुंबीयांस एक सूचना: दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ कागदी अहवाल नेऊ नये, तुकड्याचा मेणातील ठोकळा व काचपट्ट्या विकृतिशास्त्र विभागातून मागून घ्याव्यात. पुढे कोणतीही नवी तपासणी करावयाची झाल्यास ती त्या ठोकळ्यावरच होते.