भूकंप आणि आपलं घर – भाग ५ : माळवद पाडायचं की मजबूत करायचं?

मागच्या भागात भिंतीवरच्या भेगा कशा वाचायच्या ते पाहिलं. आता पुढचा प्रश्न. घर उभं आहे पण खिळखिळं झालंय, तर ते पाडावं की ठेवावं? पुण्यात नोकरीधंद्याला आलेल्या आणि लातूर, धाराशिव, सोलापूरकडं वडिलोपार्जित माळवद असलेल्या वाचकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. तीव्रता ६.२ च्या आसपास, जगाच्या हिशेबात मध्यमच. तरी जवळपास आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

इतकी माणसं का गेली, याचं उत्तर भिंतीच्या पोटात होतं. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पडदे, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड गवंड्यानं घातला नसेल, तर धक्क्यासरशी ते एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि भिंत ढासळते. वर माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, जुना मात्र काढायचा नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साधारण साडेचार टन ओझं. दोन फूट झाली की नऊ टन! गंमत अशी की, कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

म्हणजे दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही उघड आहे. आधी ओझं उतरवा: माळवदावरची माती काढून काही इंचच ठेवा आणि गळतीसाठी खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. मग खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरके टेकू द्या, म्हणजे सांगाडा एका बाजूला कलणार नाही. त्यानंतर भिंत. तिच्यातला दगड हळूच सैल करून काढायचा, आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. असे टाके साधारण मीटर-मीटरवर. हे काम हातोड्याचे घाव घालून करायचं नाही. शेजारचे दगड सुटले तर दुरुस्तीच घर पाडेल. शेवटी दारं-खिडक्यांच्या वर, घराला चारी बाजूंनी कवेत घेणारा पट्टा: लोखंडी जाळी ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा.

जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. त्याहून मोठं काम शांतपणे चाललं होतं. कमी नुकसान झालेल्या गावांतल्या सुमारे दोन लाख घरांसाठी, नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये थेट घरमालकाला दिले गेले. काम त्यानं स्वतःच करून घ्यायचं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या आणि पैसा, सिमेंट, गवंडी यांच्यात घरमालकाची बाजू सांभाळू लागल्या. माझ्या मते त्या पुनर्वसनातली सर्वांत शहाणी कल्पना हीच.

पण मजबुतीकरण फारसं झालं नाही. बहुतेकांनी त्या पैशात शेजारी विटांची नवी खोली बांधली. ज्यांनी दगडाखालून माणसं उपसली, त्यांना त्याच दगडात झोपा म्हणणं सोपं नव्हतं. शिवाय खोली दिसते, भिंतीतली सळई दिसत नाही. लोकांना दोष देणार नाही. पण जुनं माळवद तसंच राहिलं आणि त्याखालीच धान्य, गुरं, म्हातारी माणसं राहिली, हा तोटा मोजायलाच हवा. सरकारनं प्रत्येक गावात एक तरी जुनं घर लोकांच्या डोळ्यांदेखत मजबूत करून दाखवायला हवं होतं.

पेठांतल्या वाड्यांची घडण वेगळी, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करू. पुढच्या आठवड्यात पार्किंगच्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारती. २००१ च्या कच्छ भूकंपात कित्येक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत त्या कशा कोसळल्या ते पाहू. तोवर गावी गेलात तर एक करा: माळवदावर एका कोपऱ्यात माती उकरून तिची जाडी मोजा, आणि फुटाच्या वर निघाली तर या उन्हाळ्यात नवा थर चढवू देऊ नका.