तेरा सेकंदांचं खापर

लांबट चेंडूचा खेळ : भाग ७

मागच्या भागात क्वार्टरबॅकच्या डोक्यावरचा मुकुट पाहिला. आज त्याच डोक्यावर फुटणारं खापर.

अमेरिकन फुटबॉलमध्ये जय-पराजयाची नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर चढते. बचावफळीची अशी वेगळी नोंद कुणी ठेवत नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजी करणारे अकराच क्षेत्ररक्षणाला उतरतात. इथे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की क्वार्टरबॅक बाकावर जाऊन बसतो आणि बचावाचे वेगळे अकरा जण मैदानात येतात. जवळपास निम्मा सामना तो तुमच्या-माझ्यासारखा नुसता बघत असतो.

२३ जानेवारी २०२२. कॅन्सस सिटीत बफेलो बिल्स विरुद्ध चीफ्स, प्लेऑफचा सामना. बफेलोच्या जॉश ॲलनने त्या रात्री चार टचडाऊन पास दिले, चारही गेब्रिएल डेव्हिसला, आणि चेंडू एकदाही प्रतिस्पर्ध्याच्या हातात टाकला नाही. चौथा पास पूर्ण झाला तेव्हा बफेलो ३६-३३ पुढे होतं आणि घड्याळात उरले होते तेरा सेकंद. ॲलनचं काम संपलं होतं.

पुढचं वाचताना लक्षात असू द्या, की त्या मोसमात सर्वात कमी गुण आणि सर्वात कमी यार्ड देणारी बचावफळी बफेलोचीच होती. पण किकऑफ थेट मैदानाच्या टोकापार गेला, त्यामुळे घड्याळ हललंच नाही. जमिनीलगत सरपटता चेंडू मारला असता, तर तो उचलून पळण्यात चीफ्सचे काही सेकंद गेले असते. त्यांच्याकडे तिन्ही टाइमआऊट शिल्लक होते. म्हणजे पास झेलून मैदानाच्या मधोमध पडलं तरी घड्याळ थांबवता येत होतं. तरीही बफेलोचे बचावपटू लांबच्या पासच्या भीतीने मागे सरकून उभे राहिले आणि मधली जागा मोकळी पडली. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने टायरिक हिलला पास दिला, १९ यार्ड. मग ट्रॅव्हिस केल्सीला, २५ यार्ड. हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि बरोबरी झाली. ओव्हरटाइमची नाणेफेक चीफ्सने जिंकली, पहिल्याच चढाईत टचडाऊन केला आणि तेव्हाच्या नियमानुसार सामना तिथेच संपला. ४२-३६. ॲलनच्या हाती चेंडू पुन्हा आलाच नाही.

दोष बचावफळीचा, असं म्हणायचा मोह होतो. मला तो निवाडा अर्धवट वाटतो. मागे सरकून उभं राहायचं, किक लांब मारायची, हे खेळाडू मैदानात आपल्या मनाने ठरवत नाहीत. ते बाजूला उभं असलेलं प्रशिक्षकमंडळ ठरवतं, आणि तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडरमट तर बचावातलेच जाणकार! त्या तेरा सेकंदांचा हिशेब त्यांच्याकडेच मागायला हवा.

म्हणून क्वार्टरबॅक नेहमीच सुटतो असं नाही. वर्षभराने बफेलोच्या घरच्या मैदानावर, बर्फात, सिनसिनाटीने त्यांना २७-१० असं हरवलं. दहा गुणांवर प्लेऑफ जिंकणं कठीणच, त्यामुळे तिथे ॲलनला आपला वाटा उचलावाच लागेल. मात्र सिनसिनाटीने पहिल्या दोन चढायांतच दोन टचडाऊन केले होते, हेही त्याच कागदावर लिहायचं. जानेवारी २०२४ मध्ये बफेलोची चीफ्सकडून २७-२४ अशी हार झाली, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत टायलर बासचा ४४ यार्डांचा फील्ड गोल उजवीकडे गेला. क्वार्टरबॅक की बचाव, या वादात किक मारणाऱ्याला रकानाच नसतो.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे दोन सुपर बोल शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने ५०५ यार्ड पास टाकले, तीन टचडाऊन पास दिले, आणि फिलाडेल्फियाकडून ४१-३३ हरला. शेवटी शेवटी ब्रँडन ग्रॅहमने त्याच्या हातून चेंडू उडवला, तेवढा डाग सोडला तर एरवी तक्रारीला जागा नव्हती. पुढच्या वर्षी त्याने एकही टचडाऊन पास दिला नाही. लॉस एंजेलिसच्या रॅम्सना त्याच्या संघाच्या बचावफळीने तीन गुणांवर रोखलं, सामना १३-३ जिंकला. नोंदवहीत मात्र पहिला ब्रेडीचा पराभव, दुसरा ब्रेडीचा विजय.

कॅन्सस सिटीच्या त्या रात्रीनंतर दोनच महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, नियम बदलला. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना चेंडू मिळायलाच हवा, असं ठरलं. मग नाणेफेक जिंकल्यावर आधी चेंडू घ्यावा की नंतर? ते पुढच्या भागात.