व्यालेल्या कुत्रीचा स्तनदाह

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील चाळींत जिन्याखालीं कुत्री व्याली कीं मुलें तिला भाकरी नेऊन देतात. पुढें एके दिवशीं ती पिलांना जवळ येऊं देत नाहीं, आणि आपण म्हणतों, "हिची माया आटली!" पुष्कळदां माया आटलेली नसून स्तनदाह झालेला असतो.

पिलांच्या नखांचे ओरखडे पडून जंतु आंत शिरतात. स्तन तापतो, घट्ट होतो. दूध पिवळें वा रक्तमिश्रित येतें. ताप फॅरनहाइट १०३ अंशांवर जातो. ओळखीच्या माणसानें कोमट पाण्याची घडी ठेवावी, सोसवेल तितकें दूध हलक्या हातानें काढावें, पिलांचीं नखें कापावीं. स्तन काळानिळा पडल्यास वा पू आल्यास पिलें त्यास लावूं नयेत. खरें औषध जंतुनाशक. तें पशुवैद्यानेंच ठरवावें. माणसाच्या तापाच्या गोळ्या कुत्रीस घातक ठरतात. १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळास आहे. मध्य रेल्वेनें तेथें जातां येतें.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिलांना ताटलींत मऊ, पातळ अन्न द्यावें व सातव्या-आठव्यापर्यंत दूध हळूहळू तोडावें. एकदम तोडल्यास स्तन तुंबतात. त्याहून लहान पिलांना निव्वळ गाईचें दूध पुरत नाहीं, कारण कुत्रीच्या दुधांत प्रथिनें व स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात. पिलांसाठीं मिळणारी दूधभुकटी पशुवैद्यास विचारून द्यावी.

भाकरी घालणाऱ्यानेंच रोज एकदां तिचे स्तन पाहावे, एवढीच विनंति.