सौद्याच्या गादीवर श्राविका

व्यापार हा आपल्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. पेढी, वहीखाते, दलालांची ये-जा या वातावरणातच आपल्या मुली वाढतात. भाव का चढला, उधारी कोठे अडकली, हे त्या सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात रोज ऐकतात. तरीही प्रत्यक्ष सौदा ठरताना त्यांचे काम चहा पाठविण्यापुरतेच उरते. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. त्या रीतीत स्त्रीला स्थान मिळणे कठीणच होते. आज भाव उघडपणे, बहुधा मोबाईलवर ठरतो. स्थान मात्र अजून पुरेसे मोकळे झालेले नाही.

याची किंमत संकटकाळी कळते. कर्ता पुरुष आजारी पडला अथवा अकाली गेला, की पेढी एकाएकी सुनेच्या किंवा कन्येच्या हाती येते. ज्यांच्याकडून येणे असते ते मुदत वाढवून मागतात. ज्यांचे देणे असते ते तगादा लावतात. बोलणी करण्याची सवय नसेल तर ती दोन्हीकडे होकार देत जाते आणि पिढ्यांनी जोडलेले भांडवल पाहता पाहता ओसरते. म्हणून हे कौशल्य केवळ हौसेचे नव्हे, कुटुंबाच्या रक्षणाचे आहे.

स्त्रियांना वाटाघाटी जमत नाहीत, हा समज मात्र निराधार आहे. एमिली अमानतुल्लाह आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, स्वतःसाठी मागताना स्त्रिया लोकनिंदेच्या भीतीने मागणी आवरती घेतात. दुसऱ्याच्या वतीने बोलताना मात्र त्या पुरुषांच्या बरोबरीने ठाम राहतात. उणीव क्षमतेची नाही, संकोचाची आहे. म्हणून आरंभी ‘मला परवडत नाही’ असे न म्हणता ‘आमच्या पेढीला या भावात परवडत नाही’ असे म्हणावे. संकोच पुष्कळसा गळून पडतो.

आत्मविश्वासाचा खरा आधार पूर्वतयारी होय. बोलणीपूर्वी तीन आकडे कागदावर हवेत: बाजारातील चालू भाव, माल दुकानात येईपर्यंतचा एकूण खर्च आणि ज्यापलीकडे जायचे नाही ती मर्यादा. हा सौदा मोडलाच तर दुसरा व्यापारी कोण, याचेही उत्तर तयार असावे. ते असले की ‘नाही’ म्हणताना आवाज कापत नाही.

शिवाय सौदा केवळ भावाचा नसतो. मुदत, वाहतूक, खराब माल परत घेण्याची हमी, या साऱ्यांना किंमत असते. समजा, 1,00,000 रुपयांच्या मालावर 30 दिवसांची उधारी आहे आणि व्यापारी रोखीसाठी 2 टक्के वटाव देतो. म्हणजे महिनाभर आधी पैसे दिल्याने 2,000 रुपये वाचतात. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे 24 टक्के पडतो. बँकेचे कर्ज 12 टक्क्यांनी मिळत असेल, तर कर्ज काढूनही वटाव घेणे लाभाचे. असा हिशेब तोंडपाठ असलेल्या भगिनीला कोणी सहज गुंडाळू शकत नाही.

मसाले, खाकरे, पापड असा गृहोद्योग चालविणाऱ्या भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांची असते. तेव्हा पैसे मागणे ही याचना नव्हे, हक्क आहे.

घासाघीस करणे धर्माला शोभते का, अशी शंका काही श्राविकांच्या मनात येते. आपल्या आचार्यांनी व्यापार निषिद्ध मानला नाही. त्यातील कपट निषिद्ध मानले. कमी-अधिक वजनमाप आणि भेसळ हे अचौर्याणुव्रताचे अतिचार, तर खोटा दस्तऐवज हा सत्याणुव्रताचा अतिचार. ‘अमुक दुकानदार याहून स्वस्त देतो’ असे खोटेच सांगून मिळविलेली सूटही सत्याला बाधकच. उलट अनेकान्ताची दृष्टी येथे मोठी साहाय्यक ठरते. समोरच्याची अडचण त्याच्या जागेवरून पाहिली, की त्याला रोकड हवी आहे की गोदाम रिकामे करायचे आहे, हे उमगते आणि दोघांना मानवेल असा मार्ग निघतो.

शेवटी एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. सुनेला प्रथम सौद्याच्या वेळी शेजारी बसवावे. मग पॅकिंगचे साहित्य, गाडीभाडे असे लहान व्यवहार तिच्यावर सोपवावेत आणि सहा महिन्यांनी एखाद्या मालाची संपूर्ण खरेदी. दलाल सवयीने मुलाकडे पाहून बोलू लागला, तर ‘हा व्यवहार सूनबाई पाहतात’ एवढे सांगून आपण स्वस्थ बसावे. तिने दिलेला शब्द मागाहून फिरवू नये. चूक झालीच तर ती घरात समजावून सांगावी. बाजारात पत शब्दावर उभी राहते. तिच्या शब्दाला घरात मान मिळाला, तरच बाजार तो मानील.